तळहातावर दही

बोर्डाच्या परीक्षा सुरू झाल्या की आमच्या जिन्यात सकाळी वाटी-चमच्याचा आवाज येतो. समोरच्या दारात मुग्धा दह्याची वाटी घेऊन उभी असते. तिची सई एका हातात पेनांचा पाऊच धरून दुसरा हात पुढे करते.

"नीट धर गं, सांडेल."

"आई, उशीर होतोय."

मग चमचाभर दही, वर साखरेचे दाणे. सई ते एका दमात चाटते आणि तळहात पँटला पुसत जिना उतरते. मुग्धा कठड्यावरून वाकून बघत राहते. मुलगी दिसेनाशी झाली तरी बघते. रिकाम्या जिन्याकडे इतकं मन लावून बघणारी माणसं मला या दिवसांतच दिसतात.

यंदा सई बारावीला आहे. दोन वर्षांपूर्वी ती दहावीला होती, तेव्हाही हे असंच चाललं होतं. फक्त तेव्हा हा आवाज आला की मी दार लावून घेत असे. श्रीधरला जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. त्याला ऑपरेशनसाठी दवाखान्यात न्यायच्या सकाळी, रिक्षा खाली थांबलेली असताना, मीही त्याच्या तळहातावर दही ठेवलं होतं. आम्ही एकाच कॉलेजातले, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलं नाही. तो म्हणाला, "सुनंदा, मी काय दहावीला बसलोय?" मग दही चाटलं आणि म्हणाला, "साखर कमी आहे." या घरातलं त्याचं ते शेवटचं वाक्य. आम्हां पुण्याच्या माणसांना शेवटचं वाक्यसुद्धा साखरेविषयी तक्रार करणारं मिळावं, याचं मला पुढे कितीतरी दिवस हसू येत होतं. हसता हसता मी ओट्याला धरून उभी राहत असे.

त्या मोसमात मी एक कुमार कादंबरी लिहीत होते. बर्फाची, आगगाडीची, आणि एका दूरच्या देशातून माणसं उचलून नेल्याची.

मी शाळेत इतिहास शिकवला. दुसरं महायुद्ध आमच्या पुस्तकात काही पानांचं होतं. त्यात एक नकाशा होता आणि नकाशावर जाड बाण. जर्मन सैन्य इकडून आलं, रशियन सैन्य तिकडून आलं. मुलं बाण पाठ करायची, मी ते तपासायची. त्या बाणांच्या खाली घरं होती, घरांत माणसं झोपलेली होती, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं आणि दिसणं यांत फार अंतर असतं. मला ते दिसलं ते हेमाकाकूंमुळे.

हेमाकाकू म्हणजे श्रीधरच्या बँकेतल्या मित्राच्या, दिलीपच्या आई. मूळ नाव हेला. जन्म पोलंडमधल्या एका खेड्यातला. युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात रशियन सैनिक पहाटे त्यांच्या दारात आले आणि अख्ख्या कुटुंबाला गुरांच्या डब्यात बसवून सैबेरियाकडे घेऊन गेले. त्यांचा गुन्हा एवढाच की ते ज्या जमिनीवर राहत होते ती आता दुसऱ्याची झाली होती. अशी कितीतरी गावं त्या हिवाळ्यात रिकामी झाली. वडील तिथल्या जंगलात लाकडं तोडताना वारले. पुढे राजकारण फिरलं, जिवंत राहिलेल्यांना सोडून दिलं. मग आई आणि दोन मुली दक्षिणेकडे निघाल्या. वाळवंट, इराण, समुद्र असं करत करत त्या येऊन पोहोचल्या कुठे, तर कोल्हापूरजवळ वळिवड्याला. तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. आई तिथेच वारली. थोरल्या बहिणीने कोल्हापुरातल्या एका मास्तरांशी लग्न केलं, आणि छावणी उठली तेव्हा धाकटी हेला बहिणीकडे राहिली. मोठी झाली, पुण्यात लग्न होऊन आली, हेमा झाली.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा त्या कुरडयांचा चीक घोटत होत्या. निळे डोळे, पांढरीशुभ्र वेणी, आणि तोंडात अस्सल कोल्हापूर. "बस की. उभी काय राहिलीस पाव्हण्यासारखी? मी आलोच." कोल्हापूरच्या बायकांसारखं त्या स्वतःविषयी 'आलो-गेलो'च म्हणत. मला आश्चर्य वाटलं ते बर्फाचं नंतर. आधी वाटलं ते याचं, की जिला एकदा जगाच्या पाठीवरून पुसून टाकायचं ठरलं होतं ती बाई इतक्या निगुतीने कुरडईचा वेढा घालते, आणि तो कुठेही तुटत नाही.

"हे तू लिहायला हवंस," श्रीधर दरवेळी म्हणायचा. "तुझ्या त्या बाणांच्या खाली काय होतं ते मुलांना कळू दे." तो असेपर्यंत मी लिहिलं नाही. तो गेल्यावर घरात करायला दुसरं काही उरलं नाही, म्हणून म्हणा किंवा त्याचं ऐकायचं राहून गेलं म्हणून म्हणा, मी लिहायला बसले.

हेमाकाकू तेव्हा दिलीपकडे वाघोलीला राहायला गेल्या होत्या. दृष्टी अधू झालेली, त्यामुळे त्यांना वाचता येत नसे. मी दर बुधवारी मनपाच्या स्टँडवरून बस पकडायची, पिशवीत आठवड्याभरात लिहिलेली पानं. येरवड्याच्या तुरुंगाची लांबच लांब दगडी भिंत मागे पडली की ऊन वाढायचं. नगर रोडवर काटेसावर फुललेली असायची, एकही पान नाही, नुसती लाल फुलं. रसवंत्यांची घुंगरं वाजत असायची. आणि माझ्या मांडीवरच्या पानांत उणे तापमानातली एक आगगाडी उभी असायची.

थंडी लिहिणं मला जमत नव्हतं. पुण्याची थंडी ती काय, स्वेटर आणि कानटोपी. मी एकदा फ्रीजरमधला बर्फ मुठीत धरून ओट्याशी उभी राहिले, किती वेळ सहन होतं ते बघायला. सई दह्याचं विरजण मागायला आली होती. तिने माझ्या लाल झालेल्या हाताकडे बघितलं. "आजी, तुम्ही बऱ्या आहात ना?" म्हटलं, अभ्यास करतेय. "माझ्यापेक्षा तुमचाच पोर्शन कठीण आहे," असं म्हणून ती गेली. हेमाकाकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बर्फ गार नसतोच गं. भाजतो. डब्याच्या लोखंडाला हात लागला की कातडं तितंच ऱ्हायचं."

त्यांच्या घराच्या खिडकीतून दगडाच्या खाणी दिसत. क्रशर चालू असायचे आणि त्यांची पांढरट भुकटी आजूबाजूच्या झाडांवर, पत्र्यांवर, उभ्या ट्रकांवर बसलेली असायची. एकदा त्यांनी खिडकीपाशी उभं राहून हाताने दाखवलं. "हे बघ. मला आता धड दिसत न्हाई, त्यामुळं मला ते बर्फच दिसतं. तू पण डोळं बारीक करून बघ." मी चष्मा काढला. रस्त्यापलीकडची बाभळीची झाडं, पत्र्यांची शेड, सगळं पांढरं आणि गप्प झालं होतं. भर दुपारी, अंगाला घाम, आणि मी ते गाव बघत उभी राहिले. पुढे कादंबरीतलं गाव मी त्या खिडकीतून बघूनच लिहिलं.

आमची कामाची पद्धत साधी होती. मी वाचायची, त्या काहीतरी निवडत ऐकायच्या. मेथी, मटार, तांदूळ. हात थांबले की मी ओळखायची, काहीतरी चुकलं. पहाटेच्या प्रकरणात मी लिहिलं होतं की आई घाईघाईने दागिने आणि कागदपत्रं गोळा करते. हात थांबले.

"दागिने कुठले आमच्याकडं? आणि आईनं काय केलं सांगू? गाद्या नीट केल्या. तो शिपाई आरडतोय, बंदूक आपटतोय, आणि ही चादरीच्या सुरकुत्या काढती. उशा ठोकून ठोकून जागेवर ठेवल्या. मग पीठ घेतलं, करवत घेतली, अंगावरचं पांघरूण घेतलं."

"गाद्या कशाला?"

"कुणी आलं घरात तर काय म्हणंल?"

मी बसमध्ये परत येताना ते एकच वाक्य मनात धरून बसले होते. घर कायमचं सुटतंय, आणि बाई अंथरूण नीट करते. मी बाहेरगावी निघताना गॅसचा कॉक दोनदा बघते, ओटा पुसते, फुलझाडांना पाणी घालते. त्या बाईची आणि माझी भाषा, देव, जेवण, काहीही एक नाही. पण दाराशी उभं राहून मागे वळून घराकडे बघायची तऱ्हा एक आहे. हे कळल्यावर मला एकदम त्या खेड्यातल्या घराची खोली दिसली, उशांसकट.

या सगळ्यात एक नाव होतं, त्याविषयी हेमाकाकू फार बोलत नसत. स्टाश. त्यांचा धाकटा भाऊ, नुकता चालायला लागलेला. त्याच्याविषयी एकच वाक्य असे. "तो गाडीत गेला." मग त्या दुसरं काही बोलायला लागत. दिलीपला, त्यांच्या पोटच्या मुलाला, आपल्याला असा मामा होता हेच माहीत नव्हतं. मीही विचारलं नाही. घरात माणूस गेल्यावर लोक काय काय विचारतात ते मी नुकतंच सोसलं होतं.

मार्च अर्धा सरला असेल. मी घर सोडण्याचं प्रकरण पुन्हा नव्याने लिहून नेलं होतं. गाद्या घातल्या होत्या, पीठ घातलं होतं, करवत घातली होती. हेमाकाकू कोथिंबीर निवडत होत्या. मी वाचत होते: बाहेर घोड्यांची घसरगाडी उभी आहे, अंधार आहे, आई मुलांच्या डोक्याला रुमाल बांधते, आणि म्हातारी शेजारीण कुंपणाशी येऊन दोघी मुलींच्या तळहातावर थोडं थोडं दही ठेवते.

हात थांबले.

"काय ठेवती?"

मी ओळ पुन्हा बघितली. माझंच अक्षर होतं. "दही," मी म्हटलं.

"दही कुठनं आणलंस गं? बादलीतलं गोठलेलं दूध फोडावं लागायचं कुऱ्हाडीनं." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं, तरी हसतच होत्या. "आम्ही काय दहावीला बसायला चाललो हुतो व्हय?"

मला हसता आलं नाही. तेच वाक्य, तोच सूर, फक्त कोल्हापूरचा. मी पानं खाली ठेवली आणि कोथिंबिरीच्या काड्या गोळा करत बसले. ती ओळ मी लिहिली तेव्हा मला कळलंही नव्हतं. माझ्या लेखी दारातून माणूस बाहेर पडायचा म्हणजे त्याच्या हातावर दही ठेवायचं. शत्रूच्या बंदुकीसमोरसुद्धा. हाताने ते आपलं आपण लिहून टाकलं होतं.

हेमाकाकूंना माझं तोंड दिसलं नसणार, पण गप्प बसणं ऐकू आलं असेल. त्या हसायच्या थांबल्या. मग त्यांनी आपला उजवा हात उलटा केला आणि तळहात डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिल्या.

"पण ठेवलं हुतं," त्या म्हणाल्या. "हातावर. आमच्या न्हाई. स्टाशच्या."

त्या स्वतःच बोलायला लागल्या, अगदी सावकाश.

गाडी कितीतरी दिवस चालत होती. डब्यात खूप माणसं, मधोमध एक शेगडी, भिंतीला आतून बर्फ. स्टाशला ताप होता. एका सकाळी तो उठला नाही. गाडी कुठेतरी माळरानात थांबली की शिपाई दार उघडायचे आणि विचारायचे, कुणी मेलं आहे का. असलं तर खाली द्यावं लागे. पुरायला वेळ नसे आणि जमीन दगडासारखी. आईने त्या दिवशी तिच्या वाट्याची भाकरी खाल्ली नव्हती. "राई म्हणून तिकडचं धान्य, त्याची असायची, काळी. मी भाकरीच म्हणतो तिला." ती भाकरी तिने स्टाशच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटली. बोटं मिटेनात. थोरल्या बहिणीने वेणीची फीत सोडून दिली, आईने ती मुठीभोवती बांधली. डब्यातली एक बाई म्हणाली, अगं वेडे, ही थोरल्या पोरींना घाल. आई म्हणाली, "वाटेत लागेल."

"मग दार बंद झालं," हेमाकाकू म्हणाल्या.

खाली क्रशर चालू होता. तो त्या दिवशी बंद व्हावा असं मला फार वाटलं, पण तो चालूच राहिला.

"आईला कोल्हापुरात दगड आहे," त्या म्हणाल्या. "नाव आहे त्याच्यावर. ताईची राख पंचगंगेत गेली. त्याला कुठंच काही न्हाई. आणि माझ्यानंतर त्याला वळखणारं बी कुणी न्हाई. तू लिहिशील ना त्याला?"

मी म्हटलं, लिहीन.

बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली होती. येरवड्याची भिंत आली तेव्हा ऊन उतरलं होतं. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते नुसतं नवल. एवढ्या उपाशी डब्यात एका बाईने आपली भाकरी मेलेल्या मुलाच्या हातात दिली. त्याचा काहीही उपयोग नव्हता. तिला ते माहीत होतं. तरी तिने बोटं मिटली, बांधली. जिथे माणसाचं माणूसपण काढून घ्यायलाच गाडी निघाली होती, तिथे एकीने निरोपाची रीत सोडली नाही. आकाशातलं काहीतरी मोठं बघितल्यावर होतं तसं मला झालं. मी फार लहान झाले होते, आणि त्याचं वाईट वाटत नव्हतं.

माझ्या प्रकाशकांचं ऑफिस बुधवार पेठेत. त्या दिवसांत अप्पा बळवंत चौकातून चालणं म्हणजे पालकांच्या गर्दीतून चालणं. गाईडं, प्रश्नसंच, शेवटच्या क्षणी सुचलेले नकाशे. केतकी तिथे संपादक आहे. ती माझी विद्यार्थिनी, मला अजून 'बाई' म्हणते. प्रकरण वाचून तिने चष्मा काढला.

"बाई, सुंदर आहे. पण बाळ मारू नका."

"मी नाही मारलं."

"ते ठीक. पण पुस्तक पालक विकत घेतात. दुकानात उभं राहून मधलं पान उघडतात. तिथे हे पान निघालं तर पुस्तक परत कपाटात जातं. त्याला जगवा ना. नाहीतरी कादंबरीच आहे."

"आणि नाही जगवलं तर?"

"तर मला वर विचारावं लागेल. आणि वर काय म्हणतील ते मला आत्ताच माहीत आहे."

मी घरी येऊन स्टाशला जगवलं. हे मी केतकीसाठी केलं असं म्हणणं खरं होणार नाही. मलाच करून बघायचं होतं. माझ्या स्वप्नांत श्रीधर रोज दवाखान्यातून घरी येत होता, पिशवी खाली ठेवत होता, चहा मागत होता. सकाळी उठून तेच कागदावर करता येत असेल तर का नाही? मी स्टाशचा ताप उतरवला. त्याला वाळवंटातून नेलं, बोटीत बसवलं, वळिवड्याला आणलं. तो पंचगंगेत डुंबणाऱ्या म्हशी बघून टाळ्या वाजवतो. पहिला आंबा खातो, कोपरापर्यंत रस ओघळतो. इतकं सोपं आणि इतकं गोड लिखाण मी आयुष्यात केलेलं नाही. कागदावरून पेन उचलावंसंच वाटेना.

बुधवारी ते वाचून दाखवलं. हेमाकाकूंच्या मांडीवर मटार होते. त्यांचे हात एकदाही थांबले नाहीत. म्हशींपाशी त्या हसल्या, आंब्यापाशी "ग्वाड हुता व्हय?" असं त्यांनी विचारलंसुद्धा. वाचून संपलं. त्यांनी शेंगांची सालं वर्तमानपत्रात गुंडाळली.

"लई छान हाय," त्या म्हणाल्या. "पण ह्यो कोण?"

"स्टाश."

"न्हाई. ह्यो दुसऱ्या कुणाचा तरी पोरगा हाय. चांगलाय. पण आमचा तिथंच ऱ्हायला की. तू ह्याला घेऊन आलीस, त्याच्याजवळ कोण हाय आता?"

रागाने नाही, खरोखर विचारत होत्या. घरी आल्यावर मी ती पानं बाजूला ठेवली. त्या रात्रीपासून श्रीधर स्वप्नात पिशवी घेऊन यायचा थांबला, असं मी म्हणणार नाही, तो येतो अजून. पण सकाळी उठल्यावर मी ते स्वप्न पुढे वाढवत बसत नाही.

खरं प्रकरण मी पुन्हा लिहायला घेतलं. लिहून झालं त्या दिवशी सईचा भूगोलाचा पेपर संपला होता. आमच्या पायरीवर बसून तिने ती पानं वाचली. मुग्धा दारातून म्हणाली, "परीक्षा संपली म्हणून हे वाचायचं? रडू येईल असलं काही देऊ नका हो काकू तिला." सई वर न बघता म्हणाली, "आई, मला भूगोलाचं रडू येतंय. हे बरं आहे." मग पानं परत देताना ती म्हणाली, "दार उघडलं ना एका शिपायाने. आई ती फीत बांधत होती, तोपर्यंत तो काय करत होता? ते नाहीये यात."

मी इतकी वर्षं मुलांना प्रश्न विचारले. हा मला सुचला नव्हता.

हेमाकाकूंना विचारलं. "पोरगाच हुता," त्या म्हणाल्या. "मिशा फुटायच्या हुत्या. तो आरडत आला, मग त्यानं बघितलं. मग पाठ करून उभा राहिला. मागनं कुणीतरी हाका मारत हुतं, चला चला करून. पर तो हलला न्हाई. आईचं बांधून हुईस्तवर हलला न्हाई."

"मग?"

"मग वळून दोन्ही हातांनी घेतलं त्याला. बाकीच्यांना एका हातानं घ्यायचे."

ते मी जसंच्या तसं लिहिलं. माझ्या नकाशावरचा तो जाड बाण, त्या बाणाच्या टोकाशी हा मिसरूड न फुटलेला मुलगा पाठ करून उभा होता. इतिहास शिकवताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं, आणि न बघता त्याच्यावर प्रश्न काढले होते.

केतकीला पानं दिली आणि सांगितलं, "याच्याशिवाय पुस्तक नाही. तुम्हांला नको असेल तर मी घेऊन जाते, मला राग येणार नाही." तिने माझ्यासमोरच वाचलं. खालून पालकांचा गलका वर येत होता. वाचून झाल्यावर ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"तो दोन्ही हातांनी घेतो," ती म्हणाली.

"हो."

"वर मी बोलते, बाई. फक्त मुखपृष्ठावर हसरी मुलं घाला म्हणाले तर मात्र तुम्हीच भांडा. मला नोकरी करायची आहे."

मुखपृष्ठावर एक पांढरी मोकळी जमीन आहे आणि तिच्यावरून गेलेले रूळ. दुसरं काही नाही. शेजारणीचं दही मी काढून टाकलं. पुस्तक आलं तेव्हा मी पहिली प्रत वाघोलीला घेऊन गेले. हेमाकाकूंनी मला स्टाशचं पान शोधून त्यांचं बोट त्याच्या नावावर ठेवायला सांगितलं. मी ठेवलं. त्या बोट तसंच ठेवून चहा गार होईपर्यंत बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "बारीक अक्षर हाय. पर असू दे. बारीकच हुता तो."

मला कधीकधी विचारतात, एवढ्या दूरचं तुम्ही मराठी मुलांसाठी का लिहिलंत. दूर काही नाही असं मला वाटतं. पुण्यातली सगळी दारं मार्चमध्ये सकाळी उघडतात आणि सगळ्या आया काही ना काही हातावर ठेवतात. मूल परत येईल या भरवशावर ठेवतात. ज्या आईला तो भरवसा उरला नव्हता तिनेही ठेवलं, एवढाच काय तो फरक. या फरकापाशी माझी शाळा, माझी पुस्तकं, माझं स्वतःचं दुःखसुद्धा गप्प होतं.

या वर्षी संक्रांत झाल्यावर हेमाकाकू गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. मी पोहोचले तेव्हा हॉलमध्ये त्यांना निजवलेलं होतं, कोल्हापुरी पद्धतीचं हिरवं लुगडं, पांढरी वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली. सगळे दरवाजे उघडे होते. खाणींची भुकटी वाऱ्याने गॅलरीत येऊन बसली होती. गुरुजींनी तुळशीपत्र ठेवलं, पाणी सोडलं, आणि उचलायला सांगितलं.

"एक मिनिट, गुरुजी," दिलीप म्हणाला.

तो साठी उलटलेला माणूस, पुस्तकं वाचणारा नव्हे. माझी प्रत त्याने वाचली की नाही हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. तो आत स्वयंपाकघरात गेला. डबा उघडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात सकाळच्या भाकरीचा चतकोर होता. तो आईपाशी गुडघ्यांवर बसला, तिचा उजवा हात उलटा केला, तळहातावर तो तुकडा ठेवला आणि एकेक करून बोटं मिटवली.

गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले, "हे कशासाठी? आपल्यात असं काही नसतं."

दिलीपने आईची मूठ दोन्ही हातांत धरून ठेवली होती.

"वाटेत लागेल," तो म्हणाला.